झांबियाची पंधरा दिवसांची युवक मिशन यात्रा : नाव नोंदवण्यापूर्वी वाचावे असे परीक्षण

नागपुरातील एक ख्रिस्ती संस्था दर वर्षी तरुणांसाठी आफ्रिकेतील एखाद्या खेड्यात मिशन यात्रा नेते. गेल्या जुलैमध्ये तिच्याबरोबर मी झांबियाच्या पूर्व प्रांतातील एका गावी जाऊन आले. सदर आणि मोहननगर भागातील निरनिराळ्या मंडळ्यांमधली, म्हणजे चर्चमधली, अठरा ते पंचवीस वयाची चौदा मुले-मुली, एक पाळक (पास्टर), आणि मुलींना सोबत व सर्वांच्या प्रकृतीकडे लक्ष देण्यासाठी मी, असे आम्ही सोळा जण होतो. अठ्ठावीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले आहे आणि माझ्या बहिणीची मुलगी या गटात होती, त्यामुळे घरचे पैसे भरणारी पालक आणि जबाबदारी घेऊन गेलेली वडीलधारी व्यक्ती अशा दोन्ही नात्यांनी मी ही यात्रा पाहिली. संस्थेचे नाव मी येथे देत नाही. माझ्या तक्रारी तिला लेखी कळवल्या आहेत आणि तिचे उत्तर अद्याप अर्धेच आले आहे. शिवाय अशा यात्रा काढणाऱ्या कोणत्याही संस्थेला पालकांनी हेच प्रश्न विचारावेत असे मला वाटते. माझे मत आधीच सांगून ठेवते : तेथील मंडळीने जे काम आमच्यासाठी ठरवले होते ते अनमोल होते, आणि आम्ही नागपुरात बसून जे ठरवून नेले होते त्यातले बहुतेक वाया गेले.

यात्रेचे शुल्क माणशी १,५२,००० रुपये होते. त्यात मुंबईहून अदिस अबाबामार्गे लुसाकाचे जाण्यायेण्याचे विमानभाडे, तेथील बसप्रवास, राहणे, जेवण आणि विमा एवढे येते. नागपूर ते मुंबई रेल्वे, लसी, हिवतापाच्या गोळ्या आणि गरम कपडे हा खर्च वेगळा असून तो धरला की एकूण आकडा १,७०,००० च्या आसपास जातो. आमच्या गटातील सर्वांच्या घरी ही रक्कम सहज निघण्यासारखी नव्हती. एका मुलाचे वडील ऑटो चालवतात. त्याच्यासाठी महिला संघाने नाताळात केक आणि करंज्या विकून पैसे उभे केले. ज्या पैशांत इतक्या जणींचे कष्ट आहेत त्यांचा हिशेब बारकाईने मागितला पाहिजे, या भावनेने मी हे परीक्षण लिहीत आहे.

निघण्यापूर्वी चार शनिवार सदरमधील एका सभागृहात प्रशिक्षण झाले. पहिला शनिवार उत्तम होता. एकट्याने कोठेही जायचे नाही, लहान मुलांबरोबर बंद खोलीत बसायचे नाही, मुलींच्या निवासाजवळ एक वडीलधारी स्त्री असलीच पाहिजे, असे नियम स्पष्ट शब्दांत लिहून दिले गेले आणि प्रत्येकाची त्यावर सही घेतली गेली. हे नियम पंधरा दिवस खरोखर पाळले गेले, आणि त्याचे श्रेय मी संस्थेला मोकळ्या मनाने देते. मात्र उरलेले तीन शनिवार गाण्यांच्या सरावात, एका नाटिकेत आणि प्रत्येकाने तीन मिनिटांची साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाच्या अनुभवाचे कथन, पाठ करण्यात गेले. ज्या देशात जायचे त्याच्याबद्दल जेमतेम एक तास सांगितले गेले, आणि त्यातही बहुतेक वेळ स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या चरित्रात संपला.

लिव्हिंग्स्टन यांचे १८७३ मध्ये जेथे निधन झाले ते चितांबोचे गाव आजच्या झांबियात आहे, एवढे मुलांना सांगितले गेले. परंतु त्यांचे हृदय तेथील झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचणारा आणि त्या झाडावर त्यांचे नाव कोरणारा तरुण, जेकब वेनराइट, हा आपल्या नाशिकच्या शरणपूर येथील मिशनमध्ये शिकलेला होता, हे सांगितले गेले नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना इंग्रजांनी मुंबई-नाशिकला आणले, तेथे ती वाढली, हस्तकला व लिहिणे-वाचणे शिकली आणि त्यांतील काही जण पुन्हा आफ्रिकेत गेले. लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह महिनोन्‌महिने खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांमध्ये वेनराइट होता, आणि पुढे तो त्या देहाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. महाराष्ट्र आणि मध्य आफ्रिका यांच्यातला हा दुवा माझ्या मते प्रशिक्षणाचा पहिला धडा असायला हवा होता. आपण प्रथमच कोणा अनोळखी लोकांकडे काही घेऊन निघालो आहोत, अशी मुलांची समजूत झाली होती. ती या एका गोष्टीने दुरुस्त झाली असती.

नागपूरच्या मुलांना तर हे समजावून सांगणे आणखी सोपे होते. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले, मराठी शिकले, गोंडांची गाणी आणि गोष्टी ऐकून टिपून ठेवत राहिले, खडक आणि जीवाश्म गोळा करत राहिले, आणि १८६३ मध्ये ओढा ओलांडताना बुडून वारले तोपर्यंत त्यांचे जीवन याच भागात गेले. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात आमच्या गटातील चार जण शिकतात. अठरा वर्षे एका मुलखात राहून त्याची भाषा शिकणाऱ्या माणसाच्या शहरातून आपण पंधरा दिवसांसाठी जात आहोत, तेव्हा निदान वीस शब्द तरी शिकून जावे, असे कोणीतरी म्हणायला हवे होते. पूर्व झांबियात न्यांजा भाषा चालते. ‘मुली ब्वांजी’ म्हणून क्षेमकुशल विचारणे आणि ‘झिकोमो’ म्हणून आभार मानणे, एवढे मी विमानात बसून एका वहीतून मुलांकडून पाठ करून घेतले. पुढे त्या दोन शब्दांनी जी दारे उघडली, ती तीन शनिवार बसवलेल्या नाटिकेने उघडली नाहीत.

आरोग्याच्या तयारीबाबत मला कठोर लिहिणे भाग आहे. आम्हाला दिलेल्या छापील पत्रकात हिवतापाच्या गोळ्या ‘प्रवासाच्या काळात’ घ्याव्यात असे लिहिले होते. हे अपुरे आणि धोक्याचे आहे. डॉक्सिसायक्लिन घेत असल्यास हिवतापाच्या भागातून बाहेर पडल्यावरही ते चार आठवडे चालू ठेवावे लागते, आणि अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेत असल्यास सात दिवस. कोणते औषध कोणाला द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, पण परतल्यावर गोळ्या बंद करायच्या नाहीत हे प्रत्येक आईवडिलांना माहीत असलेच पाहिजे. मी निघण्यापूर्वी सर्व घरी फोन करून हे सांगितले. पीतज्वराच्या लशीबद्दलही गोंधळ होता. आमचे विमान अदिस अबाबामार्गे होते आणि इथिओपिया हा पीतज्वराच्या धोक्याच्या देशांत मोडतो. विमानतळातच थांबून पुढचे विमान पकडले तर एक गोष्ट. पण विमान चुकले आणि रात्र शहरातील हॉटेलात काढावी लागली, तर भारतात उतरताना लशीचे प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि आता ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, म्हणजे एकदाच्या खर्चात हा प्रश्न कायमचा सुटतो. पत्रकात लशीचा उल्लेख ‘ऐच्छिक’ असा होता. पुढील वर्षी जाणाऱ्यांनी तो शब्द खोडून टाकावा.

तिसरी चूक लहान वाटेल, पण तिचा त्रास सर्वांना झाला. आफ्रिका म्हणजे उष्ण, असे धरून सर्वांना सुती कपडे घेण्यास सांगितले होते. झांबियाचा बहुतेक प्रदेश उंच पठारावर आहे आणि जून-जुलै हे तेथील थंडीचे महिने आहेत. दिवसा कोवळे ऊन, आणि रात्री अंगावर दोन ब्लँकेट घेऊनही हुडहुडी भरावी अशी थंडी. नागपूरच्या पावसाळी उकाड्यातून गेलेल्या मुलांनी पहिल्या दोन रात्री कुडकुडत काढल्या. तिसऱ्या दिवशी गावातील बायकांनी आपल्या घरांतील पांघरुणे आणि चितेंगे, म्हणजे त्या कमरेला गुंडाळतात ती रंगीत छापील वस्त्रे, आणून दिली. ज्यांना मदत करायला आपण गेलो त्यांच्या घरातील पांघरूण आपण घेतले, याची मला खंत वाटली. पण त्यांनी ज्या आपुलकीने ते दिले त्यामुळे नाकारणेही शक्य नव्हते.

प्रवासाची व्यवस्था नीटनेटकी होती. लुसाकाहून पूर्वेकडे जाणारा हमरस्ता लुआंग्वा नदीचा पूल ओलांडून चिपाटाकडे जातो, आणि ते अंतर साडेपाचशे किलोमीटरहून अधिक आहे. संस्थेने ते दोन दिवसांत विभागले होते, रात्रीचा प्रवास टाळला होता, आणि बस चांगली होती. तेथे आपल्यासारखीच वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता मुलांना लगेच ओळखीचा वाटला. चिपाटात अनेक दुकाने गुजराती कुटुंबांची आहेत. बाजारात लोक आम्हाला ‘अम्वेन्ये’ म्हणत. हा तेथे भारतीयांसाठीचा शब्द आहे, आणि त्याबरोबर दुकानदार ही ओळखही जोडलेली आहे. आम्ही काही विकायला आलो नाही हे समजावण्यात पहिला दिवस गेला.

राहण्याची सोय हा या यात्रेचा सर्वांत चांगला भाग होता, आणि तो पूर्णपणे यजमान मंडळीचा निर्णय होता. संस्थेने शाळेच्या खोल्यांत गाद्या टाकून एकत्र राहण्याचे ठरवले होते. तेथील पाळकांनी ते नम्रपणे नाकारले आणि दोघा-दोघांना गावातील कुटुंबांकडे ठेवले. माझी भाची आणि मी एका विधवा बाईंकडे होतो. मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा, त्याच्यासोबत भोपळ्याच्या पानांची दाण्याचे कूट घातलेली भाजी आणि कधी कापेंटा नावाची वाळवलेली बारीक मासळी, असे जेवण दोन्ही वेळा असे. जेवणाआधी घरातील मुलगी तांब्याने हातावर पाणी घालते, सर्व जण उजव्या हाताने न्शिमाचा गोळा करून भाजीला लावून खातात. ज्वारीचा घाटा आणि अंबाडीची भाजी खाल्लेल्या विदर्भातल्या माणसाला त्यात अनोळखी असे फार थोडे आहे. मक्याचे आंबवलेले पेय दिले तेव्हा माझ्या भाचीने चव घेऊन ‘मावशी, ही तर आंबील’ असे म्हटले, आणि त्या बाईंना मी हातवारे करून आमच्याकडेही असे करतात हे सांगितल्यावर त्यांनी आपल्या शेजारणींना बोलावून तेच सांगितले.

त्या बाईंशी आमचे बोलणे मोडक्या इंग्रजीत आणि त्यांच्या शाळकरी नातवाच्या मदतीने होई. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, पावसाने मोठी दडी मारल्यामुळे सरकारला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली होती, आणि त्या वर्षी त्यांच्या शेतातला मका उभा वाळला होता. यंदा पीक चांगले आले होते. ओसरीवर रचलेली मक्याची पोती दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी यवतमाळच्या माझ्या मामींच्या चेहऱ्यावर कापूस घरात आल्यावर पाहिलेले आहे. पावसावर जगणारी शेती काय असते हे आमच्यातील शहरात वाढलेल्या मुलांना मात्र तेथे पहिल्यांदा कळले, आणि ते सांगणारी व्यक्ती मदतीची वाट पाहत बसलेली नव्हती, कामात होती.

आता वैद्यकीय शिबिराबद्दल. कार्यक्रमपत्रिकेत दोन दिवसांचे ‘आरोग्य शिबिर’ छापलेले होते आणि त्यासाठी नागपुरात देणगी म्हणून जमवलेल्या औषधांच्या दोन पेट्या आमच्याबरोबर होत्या. मी त्या पेट्या गावात पोहोचल्यावर उघडल्या. त्यात काही औषधांची मुदत दोन महिन्यांत संपत होती, अनेक पाकिटांवर फक्त व्यापारी नाव होते, आणि प्रतिजैविके सुटी भरलेली होती. मी परिचारिका आहे, पण माझी नोंदणी महाराष्ट्रात आहे. दुसऱ्या देशात, ज्यांची भाषा मला येत नाही अशा रुग्णांना तपासून गोळ्या देण्याचा मला कायद्याने आणि विवेकानेही अधिकार नाही. मी शिबिर करण्यास नकार दिला. यात्रेच्या संयोजकांना ते आवडले नाही, कारण देणगीदारांना शिबिराची छायाचित्रे पाठवायची होती. आमच्याबरोबर आलेल्या पाळकांनी माझी बाजू घेतली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्याऐवजी मी यजमान पाळकांना विचारून जवळच्या ग्रामीण आरोग्य केंद्रात गेले आणि तेथील प्रमुख परिचारिकेला सांगितले की मला सांगाल ते काम करीन. तिने मला वजनाच्या काट्यापाशी आणि नोंदवहीपाशी बसवले. ते माझ्या यात्रेतील सर्वांत समाधानाचे चार दिवस ठरले. ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या बोटाचा थेंब घेऊन हिवतापाची झटपट तपासणी होत होती, आणि तपासणीत आढळल्याशिवाय हिवतापाचे औषध दिले जात नव्हते. आपल्याकडील अनेक खासगी दवाखान्यांत ही शिस्त नसते. औषध होते आर्टेमेथर-ल्युमेफँट्रीन. या गटातले औषध हिवतापावरचा पहिला उपचार म्हणून स्वीकारण्यात झांबिया आफ्रिकेत सर्वांत पुढे होता, हे मला तेथे उभे राहून आठवले. केंद्राच्या आवारात एक साधी खोली होती, जेथे दूरच्या वस्त्यांवरील गरोदर बायका दिवस भरत आले की येऊन राहतात, म्हणजे कळा सुरू झाल्यावर रानातून चालत यावे लागत नाही. आपल्या गडचिरोलीत यालाच ‘माहेरघर’ म्हणतात. मी त्या परिचारिकेला हा शब्द आणि त्याचा अर्थ सांगितला. तिने तो मला आपल्या नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहायला लावला, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ आपापल्या खोल्यांच्या अडचणी एकमेकींना सांगत बसलो : चूल कोठे असावी, सोबतच्या बाईने काय खावे, नवरा पाठवत नाही तेव्हा काय करावे. औषधांच्या पेट्यांपैकी जे वापरण्याजोगे होते त्याची यादी करून मी केंद्राच्या स्वाधीन केले. बाकी नष्ट करण्यासाठी द्यावे लागले. ज्या संस्था असे शिबिर जाहिरातीत दाखवतात त्यांना पालकांनी विचारावे की तपासणारा डॉक्टर त्या देशात नोंदलेला आहे काय, आणि औषधे तेथील आरोग्य खात्याने मागितली आहेत काय.

दुसरे मोलाचे काम हातपंपाचे झाले, आणि तेही कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. शाळेजवळचा पंप आठवडाभर बंद होता. आमच्या गटातील कामठीचा एक मुलगा आयटीआय झालेला फिटर आहे. त्याने पंपाकडे पाहिले आणि म्हणाला की ही तर आपल्या गावची हापशी आहे. ते खरेच होते. झांबियाच्या खेड्यापाड्यांत जो पंप मोठ्या प्रमाणावर बसवलेला आहे त्याचे नाव ‘इंडिया मार्क टू’. १९७० च्या दशकात तो भारतात युनिसेफच्या साहाय्याने तयार झाला, आणि त्याच्या आधीचे नमुने जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या माणसांनी दुष्काळी गावांसाठी बनवले होते. मराठवाड्याच्या कोरड्या विहिरींतून निघालेली ती कल्पना समुद्रापलीकडच्या एका शाळेच्या अंगणात उभी होती. पंप दुरुस्त करणारा प्रशिक्षित माणूस त्याच भागातला होता, त्याला काम येत होते, अडले होते ते फक्त झिजलेल्या वॉशरच्या पैशांवर. आमच्या मुलाने त्याच्या हाताखाली काम केले. दोघांनी मिळून साखळी आणि दांडा काढला, नळ वर ओढले, वॉशर बदलले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आले. एकूण खर्च आमच्या एका माणसाच्या विमानभाड्याच्या पासंगालाही पुरला नसता. त्या मुलाने परत आल्यावर मंडळीपुढे साक्ष देताना आपण पंप दुरुस्त केला असे म्हटले नाही. ‘मी तेथल्या मिस्त्रींकडून शिकलो’ असे म्हटले. ऑटो चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा तो हाच.

यात्रेच्या माहितीपत्रकावर ‘ज्यांनी सुवार्ता ऐकली नाही त्यांच्याकडे’ असे शब्द छापलेले आहेत. माझी सर्वांत गंभीर तक्रार या शब्दांबद्दल आहे, कारण ते खरे नाहीत. झांबियाने डिसेंबर १९९१ मध्ये स्वतःला ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जाहीर केले आणि २०१० च्या जनगणनेत तेथील पंचाण्णव टक्क्यांहून अधिक लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत आपण एक टक्काही भरत नाही. आमची मुले नाटिका आणि पत्रिका घेऊन ज्या गावात गेली तेथील आजी त्यांना वचने तोंडपाठ म्हणून दाखवत होती. नाटिका सभ्यपणे पाहिली गेली, टाळ्याही वाजल्या. पत्रिका इंग्रजीत होत्या, त्या गावातल्या मुलांनी चित्रांसाठी नेल्या.

रविवारची उपासना तीन तासांहून अधिक चालली. पेटी नाही, गिटार नाही; चार आवाजांत उभी राहिलेली गाणी आणि त्याखाली ढोल. अर्पणाच्या वेळी लोक आपल्या जागेवरून नाचत पुढे येत होते, कोणी नोट, कोणी टोपलीभर मका, कोणी पाय बांधलेली कोंबडी घेऊन. आपल्या कापणीच्या उपासनेत भोपळे, तांदूळ आणि कोंबड्या वेदीपुढे येतात आणि नंतर त्यांचा लिलाव होतो, ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढे आले. फक्त आपण ते खाली मान घालून आणून ठेवतो आणि ती माणसे आनंदाने आणतात. आमच्या गटातील एक मुलगी, जिला महाविद्यालयात आपला धर्म सांगताना नेहमी संकोच वाटे, त्या दिवशी उपासनेनंतर बराच वेळ झाडाखाली एकटी बसून राहिली. मी जवळ गेल्यावर ती म्हणाली, ‘मावशी, येथे मला कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.’ अल्पसंख्याक म्हणून वाढलेल्या मुलांना विश्वासाच्या घरात पाहुणे म्हणून जाता आले, हे या यात्रेचे खरे देणे आहे, आणि माहितीपत्रकाने ते सांगितलेले नाही.

तेथील पाळकांनी आम्हाला विचारले की तुमच्या शहरात मंडळ्या कशा एकत्र आल्या. झांबियातील संयुक्त मंडळी १९६५ मध्ये निरनिराळ्या मिशनच्या मंडळ्या एकत्र येऊन झाली. आपली उत्तर भारतीय मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून झाली, आणि ते ऐक्य नागपुरातच झाले. आमच्या चौदा मुलांपैकी दोघांना हे माहीत होते. पाहुण्याला स्वतःच्या घराबद्दल एवढेही सांगता येऊ नये, याचा दोष आम्हा वडीलधाऱ्यांचा आहे. तरी प्रशिक्षणाच्या चार शनिवारांत त्यासाठी अर्धा तास निघाला असता.

छायाचित्रांबाबत संस्थेचे धोरण मला मान्य नाही. रोज संध्याकाळी ठरावीक संख्येने छायाचित्रे नागपूरला पाठवायची असा आग्रह होता, आणि त्यात लहान मुलांची, अनवाणी मुलांची, विशेष मागणी असे. कोणत्याही आईला विचारले जात नव्हते. आपल्या वस्तीत एखादा परका माणूस येऊन आपल्या मुलाचा फाटका सदरा टिपू लागला तर आपण त्याला काय म्हणू, हे मी मुलांना विचारले, आणि त्यानंतर त्यांनी आपणहून ठरवले की ज्यांच्या घरी राहतो त्या कुटुंबाची परवानगी घेऊन, सर्वांनी नीट कपडे घालून, एकत्र छायाचित्र काढायचे आणि त्याची प्रत त्यांना द्यायची. चिपाटातील एका स्टुडिओतून त्या प्रती छापून आणल्या. खाऊ आणि पेनांच्या वाटपाचेही तसेच झाले. पहिल्या दिवशी थेट मुलांमध्ये वाटल्यामुळे ढकलाढकली झाली आणि एका लहान मुलीला लागले. पुढे सर्व वस्तू मुख्याध्यापकांकडे दिल्या. २०२२ पासून तेथे सरकारी शाळांत शुल्क माफ झाल्याने वर्ग भरून गेले आहेत, आणि कोणाला काय हवे हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळत होते. नागपूरहून नेलेली संत्रा बर्फी मात्र आम्ही घरोघरी स्वतः दिली, कारण ती भेट होती.

हिशेबाकडे वळते. परतल्यावर मागणी केल्यावर एक पानाचा खर्चाचा तपशील मिळाला. त्यानुसार प्रत्येकाच्या शुल्कातील ९,००० रुपये ‘ग्राम प्रकल्प’ या नावाखाली आहेत, परंतु ते शाळेच्या भिंतीच्या रंगकामावर खर्च झाले, जे काम गावाने मागितले नव्हते. आमच्या मुलांनी दोन दिवस ती भिंत रंगवली. रंग चांगला लागला, पण शाळेला बाके हवी होती आणि गावात सुतार होता. यजमान कुटुंबांना जेवणाखर्चासाठी दिलेली रक्कम तपशिलात वेगळी दाखवलेली नाही. आम्ही निघताना आपसांत वर्गणी करून प्रत्येक घरी मक्याच्या पिठाची आणि तेलाची भरपाई केली, पण हे संस्थेचे कर्तव्य होते.

मेळघाट आणि गडचिरोली जवळ असताना इतक्या दूर कशाला जायचे, असे मला अनेकांनी विचारले. त्या प्रश्नाचा मी आदर करते, आणि आमच्या गटातील पाच जणांनी परतल्यावर धारणीजवळच्या एका आश्रमशाळेत महिन्यातून एक शनिवार शिकवायला जाण्यास सुरुवात केली आहे. तरीही दूर जाण्याने जे घडले ते जवळ जाऊन घडले नसते : आपल्याच जिल्ह्यात आपण देणारे म्हणून जातो, आणि तेथे भाषा, अन्न, पांघरूण, सर्व काही मागून घ्यावे लागले. माझ्या भाचीला आता स्वतःची खोली आवरायला सांगावे लागत नाही. त्या बाईंच्या घरी पहाटे अंगण झाडल्याशिवाय चूल पेटत नसे.

यात्रेहून परतल्यावर सहा आठवड्यांनी एक बैठक व्हायची होती, ती झाली नाही. मुलांनी स्वतःच एका घरी जमून ती घेतली. मला एका मुलाच्या तापासाठी तीन आठवड्यांनी फोन आला, आणि झांबियाहून आल्याचे सांगून हिवतापाची तपासणी करा असे मी त्याच्या आईला सांगितले. सुदैवाने तपासणीत काही निघाले नाही. परतल्यावर काही महिन्यांपर्यंत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल सांगितलेच पाहिजे, ही सूचना संस्थेने लेखी द्यायला हवी.

माझ्या पत्राला आलेल्या उत्तरात संस्थेने पुढील यात्रेतून आरोग्य शिबिर काढून टाकण्याचे आणि पीतज्वराची लस सक्तीची करण्याचे मान्य केले आहे. माहितीपत्रकावरील ते वाक्य बदलण्याबद्दल आणि गावासाठीचा निधी थेट यजमान मंडळीच्या हाती देऊन तिच्याकडून कामाची निवड करून घेण्याबद्दल उत्तरात काही नाही. नावनोंदणी जानेवारीत सुरू होते. आमच्या पास्टोरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने, ठरवले आहे की या दोन बाबींचे लेखी उत्तर आल्याशिवाय मंडळीच्या निधीतून कोणाचेही शुल्क भरायचे नाही. आणि उत्तर आले, तर यंदा ज्या दोन मुलांचे पैसे कमी पडले म्हणून ती मागे राहिली, त्यांची नावे पहिली द्यायची.